ड्रम बद्द वाजतोय? किनाऱ्यावरच्या ड्रमरांनो, या चुका टाळा

गणपतीतले कार्यक्रम, जत्रेतला ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, कॉलेजचा युवा महोत्सव, मालवण-वेंगुर्ल्याकडच्या चर्चमधली नाताळची रात्र. ड्रमसेट आता कोकणात सगळीकडे पोचलाय. पण बऱ्याच ठिकाणी तो बद्द वाजतो आणि खापर फुटतं सेटच्या किमतीवर. "हलका सेट आहे, यातून काय आवाज निघणार!" हे वाक्य मला मनापासून खटकतं. स्वस्त सेटच्या लाकडाला मर्यादा असते हे खरं. पण त्या मर्यादेपर्यंत तरी आपण त्याला नेलेलं असतं का? पान, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, एकीकडे ताठ, दुसरीकडे ढिलं, त्यावर टेपच्या चार पट्ट्या, पायाने वाजवायच्या बेस ड्रमच्या पोटात अख्खी गादी. असा सेट लाखाचा असला तरी बद्दच वाजेल. नवा सेट घ्यायच्या आधी आहे तो नीट सुरात मिळवून बघा.

रॉड ओळीने आवळत जाणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेला पखवाजवाला बघा. बारी सुरू व्हायच्या आधी तो हातोडी घेऊन घर न् घर ठोकून ऐकतो. एक घर उतरलेलं असेल तर बुवांनी कितीही घाई केली तरी तो तसाच वाजवायला घेत नाही. ड्रमच्या पानालाही अशीच घरं आहेत, प्रत्येक रॉडजवळ, म्हणजे पान ताणणाऱ्या स्क्रूजवळ, एक. फरक एवढाच की आपल्याकडे हातोडीऐवजी 'की', म्हणजे रॉड फिरवायची चावी, असते, आणि तरीही आपण ऐकायचा कंटाळा करतो.

कुडाळच्या एका तालमीत एक मुलगा मला म्हणाला, "दादा, ह्या टॉमाक आवाजच येणा नाय." बारा इंची टॉम (सेटमधला तारा नसलेला, काठीने वाजवायचा ड्रम) होता, सहा रॉडचा. मधोमध स्टिक मारली की "डब्" व्हायचं आणि मागोमाग एक विचित्र थरथर. प्रत्येक रॉडपासून दोन बोटं आत टिचकी मारून पाहिली. एका जागी "टिंग", शेजारी "टंग", आणि बरोबर समोर नुसतंच "थप्". तिथला रॉड बोटाने फिरत होता. कार्यक्रमात वाजवता वाजवता तो सुटत गेलेला, आणि आवाज गेला म्हणून मुलाने हाताला जवळ असलेले दोन रॉड आवळले. पानाचा एक भाग एका सुरात, दुसरा भाग दुसऱ्या सुरात. दोन्ही एकमेकांना मारत होते, मग नाद राहणार कुठून?

अशा वेळी एकेक रॉड सुधारत बसू नका. पान पूर्ण सैल करा आणि पहिल्यापासून लावा. शेलची (ड्रमच्या पोकळ अंगाची) कड आणि रिम (पान दाबून धरणारं कडं) कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पान बसवा, सगळे रॉड फक्त बोटांनी, लागतील तेवढेच फिरवा. मग की घ्या. एका रॉडला अर्धा फेरा, नंतर त्याच्या बरोबर समोरच्याला अर्धा फेरा, असं आडवं-तिरपं जात सगळ्यांना सारखं. पान नवीन असेल तर मधोमध तळवा ठेवून बेताने दाबा. "चर्र" असा आवाज आला तर घाबरू नका, पान कडेवर बसतंय. सुरकुत्या गेल्या की फेरा अर्ध्यावरून पावावर आणा.

आता ऐकायची वेळ. ड्रम उशीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवा, म्हणजे खालचं पान गप्प राहील. एक बोट वरच्या पानाच्या मध्यावर अलगद टेकवा आणि प्रत्येक रॉडजवळ स्टिकच्या टोकाने हलकेच वाजवा. एखादं घर चढलेलं असेल तर ते खाली उतरवा आणि परत वर आणून थांबा. उतरवत आणून तिथेच सोडलेला रॉड वाजवताना आणखी सरकतो. सगळी घरं एका सुरात आली की बोट उचला आणि मधोमध मारा. त्या मुलाचा टॉम याच पानावर, काहीही नवीन न घालता, घुमायला लागला.

खालचं पान विसरणं

वरचं पान झिजलं की आपण बदलतो. खालचं मात्र सेटबरोबर आलेलं तेच वर्षानुवर्षं. त्याला काठी लागत नाही हे खरं, पण नाद किती वेळ राहणार आणि सूर कुठे जाणार हे बरंचसं तेच ठरवतं. दोन्ही पानं एका सुरात असली की टॉम सगळ्यात जास्त वेळ घुमतो. खालचं थोडं चढं ठेवलं की आवाज आटोपशीर आणि नेमका होतो. उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला मी तसंच ठेवतो. काही जण खालचं पान काढूनच टाकतात. मग फक्त काठीचा "टप्" उरतो आणि टॉमाचा सूर जातो.

न मिळवलेल्या ड्रमला टेप लावणं

ड्रम कण्हतोय, लाव टेप. स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) वाजतोय जास्त, लाव टेप. मिळवायचं राहिलेलं टेपने झाकता येत नाही. उलट पानाच्या चांगल्या नादाचाही गळा दाबला जातो. आधी घरं सारखी करा. त्यानंतरही एखादा वरचा सूर कानाला टोचत असेल तर तुमच्या समोरच्या कडेला, रिमपासून बोटभर आत, टेपचा एक छोटा तुकडा पुरे. तो पानावर सपाट न चिकटवता मध्ये थोडा उचललेला ठेवा. हवा तेवढाच सूर मरतो.

प्लास्टिकचं पान शेकोटीवर धरणं

शिमग्यात ढोल उतरला की तो शेकोटीजवळ धरतात, आणि ते योग्यच आहे. चामडं दमट हवेत पाणी पितं आणि सैल पडतं. शेकलं की ओल जाते, पान चढतं. पण ड्रमसेटच्या पानाला हा उपाय लागू नाही. ही पानं पॉलिएस्टरच्या फिल्मची, १९५०च्या दशकात ती आली आणि चामड्याची जागा तिने घेतली. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ८०-९० टक्क्यांच्या घरात असतो, तरी ही फिल्म चामड्यासारखी पाणी पीत नाही. उष्णतेने मात्र ती पसरते. म्हणजे तापवल्यावर ढोल चढतो आणि ड्रम उतरतो. हॅलोजनसमोर धरलेलं पान तर कायमचं वाकडं होऊ शकतं.

याच कारणाने संध्याकाळच्या कार्यक्रमात फसगत होते. दुपारी चारला उघड्या स्टेजवर, उन्हात तापलेला सेट मिळवला, रात्री दहाला खारा वारा सुटला, सेट गार झाला आणि सगळे टॉम चढून बसले. सेट सावलीत ठेवा, ऊन उतरल्यावर मिळवा, आणि पडदा उघडायच्या आधी एकदा परत घरं तपासा.

स्नेअरच्या तारा आवळून आवळून मारणं

खणखणीत स्नेअर हवा म्हणून मुलं तारांचा स्क्रू पिळत जातात. एका मर्यादेनंतर तारा पानाला इतक्या दाबून बसतात की त्या थरथरूच शकत नाहीत. मग आवाज लाकडी फळीसारखा. कसोटी सोपी आहे. कडेजवळ बोटाने अगदी हलकी टिचकी मारा. तारांनी लगेच "स्स" असं उत्तर दिलं पाहिजे. देत नसतील तर थोडं सैल करा.

खणखणीतपणा तारांतून कमी आणि पानांतून जास्त येतो. स्नेअरचं खालचं पान मुद्दाम फार पातळ करतात. साधारण ०.०७५ मिलिमीटर, वरच्या साध्या एकेरी पानाच्या जवळपास तिसरा हिस्सा. ते चांगलं ताठ लागतं, पण बोटाने दाबून बघू नका आणि तिथे टॉमाचं जाड पान कधीही लावू नका. तारांची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी मधोमध बसली आहे ना, तेही बघा. एका बाजूला सरकलेली पट्टी कितीही आवळली तरी खरखरतच राहते.

टॉम वाजवला की स्नेअर आपोआप कुजबुजतो ही नेहमीची तक्रार. त्या टॉमाचा आणि स्नेअरचा सूर फार जवळ आलेला असतो. टॉम थोडा वर किंवा खाली न्या. पूर्ण जाणार नाही, आणि गाण्यात थोडी कुजबुज कोणाला ऐकूही येत नाही.

बेस ड्रममध्ये गादी कोंबणं

बावीस इंची बेस ड्रम घ्यायचा आणि त्यात गोधड्या भरायच्या, मग पायाखाली फक्त "ठक्" येतं. एक पातळ उशी किंवा घडी घातलेला टॉवेल, दोन्ही पानांना जेमतेम टेकेल असा, एवढं बास. पेडलकडचं पान सुरकुती जाईल आणि त्यावर थोडं, इतकंच ताणा. खोल आवाज सैलपणातून येतो, पण सुरकुती राहिलेल्या पानातून नाही. समोरच्या पानाला माइकसाठी भोक पाडायचं असेल तर चार-पाच इंचांचं, मध्य सोडून कडेकडे. पेडल मारल्यावर बीटर (पेडलचा पानावर आपटणारा गोळा) पानात दाबून धरण्याची सवय असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. बीटर मागे आला तर पान बोलतं.

खारी हवा विसरणं

घाटावरचा ड्रमर याचा विचार करत नाही, आपल्याला करावा लागतो. समुद्राजवळच्या घरात क्रोमची रिम डागाळते, स्नेअरच्या तारांना तांबेरा चढतो, रॉडच्या आट्यांत गंज धरतो. गंजलेला रॉड फिरवला की तो अडकत, झटक्याने पुढे सरकतो. पाव फेरा देताय असं वाटतं आणि जातो अर्धा. मग घरं सारखी होणार कशी? पान बदलाल तेव्हा प्रत्येक रॉड पुसून आट्यांना थोडं व्हॅसलिन किंवा मशीनचं तेल लावा. हाताच्या घामातही मीठ असतं, तेव्हा वाजवून झालं की रिम आणि झांजा कोरड्या फडक्याने पुसायच्याच.

पावसाळ्यात सेट प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवणं हे भल्यासाठी केलेलं वाईट काम. आतली ओल आतच कोंडते आणि प्लायच्या शेलला बुरा धरतो. सेट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून फळीवर उचलून ठेवा, सुती चादर घाला, आणि मधूनमधून उघडून वारा द्या. शेलच्या ज्या धारेवर पान टेकतं तिला पान काढल्यावर मेणबत्ती हलकी फिरवून घ्या. उघड्या लाकडाला ओलीपासून थोडं संरक्षण मिळतं, आणि पानही सरकून नीट बसतं. पण धारेला खड्डा पडला असेल तर मेण उपयोगाचं नाही. सपाट काचेवर शेल उपडा ठेवा आणि आतून बॅटरीचा उजेड टाका. उजेड जिथून बाहेर येईल तिथे खोट आहे. तिथे घरी कानस चालवू नका, जाणत्या माणसाकडे द्या.

झांजांबद्दल एकच, पण कळकळीने. समईसारख्या त्या आमसुलाने किंवा चिंचेने घासू नका, पितळेच्या पावडरीनेही नाही. चांगल्या झांजा काशाच्या असतात, बऱ्याचशा ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आंबट पदार्थ फटीत राहिला की डाग खोल जातात, खरखरीत पावडर बारीक चरे झिजवते. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि लगेच कोरडं पुसणं. स्टँडवरचा नट पिळू नका, झांज डुलली पाहिजे. नमदा आणि प्लास्टिकची नळी जाग्यावर हवीच. नळी नसली की लोखंड भोकाला खातं आणि तडा तिथूनच जातो.

स्टुलावर बसून आवाज ठरवणं

वाजवणाऱ्याच्या कानाशी टॉम फार किणकिणतो, म्हणून तो टेप मागतो. तीच किणकिण दहा पावलांवर विरून जाते आणि उरतो तो भरीव आवाज. दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि समोर प्रेक्षकांत जाऊन ऐका. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज परत येऊन घोळ करतो, तिथे सेट थोडा उतरवून, हलक्या हाताने वाजवा. उघड्या मैदानात भिंतीच नाहीत, आवाज निघून जातो. तिथे जोरात मारून काही साधत नाही, माइक लागतात. माइक दोनच असतील तर एक बेस ड्रमला आणि एक डोक्यावर द्या, प्रत्येक ड्रमला अर्धवट काहीतरी लावण्यापेक्षा ते बरं. डोक्यावर दोन देता आले तर दोन्हींचं स्नेअरपासूनचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा. स्नेअरच्या खालूनही माइक असेल तर साउंडवाल्याला त्याचा फेज उलटा करून बघायला सांगा. बारीक झालेला स्नेअर बऱ्याचदा तिथेच भरून येतो.

कार्यक्रमाला दहाच मिनिटं असतील तर

स्टेजची फळी पोकळ असते, म्हणून आधी सेटखाली जाड सतरंजी. मग स्नेअर, कारण तो सगळ्यात जास्त वाजणार. रॉडजवळ टिचक्या मारून सुटलेलं घर शोधा, तेवढंच जाग्यावर आणा. नंतर बेस ड्रमचं पेडलकडचं पान. टॉमांचे फक्त ढिले रॉड बघा, सूर बदलायला जाऊ नका. की खिशात ठेवा. पहिल्या दोन गाण्यांनंतर स्नेअरचे रॉड परत एकदा बघा, कारण स्टिक जिथे पडते त्याच्या जवळचा रॉड सगळ्यात आधी सुटतो.