अर्ध्या सावलीत उंच बहुवर्षायू फुलझाडे कशी वाढवावीत

लागवडीआधी एक पूर्ण दिवस उन्हाच्या पाहणीसाठी द्यावा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला वाफ्यावर ऊन आहे की सावली, याची नोंद करावी. थेट ऊन एकूण 3 ते 6 तास मिळत असेल, तर ती अर्धी सावली समजावी. हे ऊन सकाळचे असल्यास उत्तम, कारण दुपारच्या उन्हात रुंद पाने कडेने करपतात. सावली कशाची आहे, हेही पाहावे. भिंतीच्या सावलीत ओल टिकते, मोठ्या झाडाखाली मात्र त्याची मुळे पाणी ओढून घेतात. तेथे लागवड बुंध्यापासून शक्य तितकी दूर करावी.

अशा जागेसाठी मी आधी सोनटक्का आणि पेवा सुचवेन. दोन्हींचे दांडे जमिनीतील कंदातून फुटतात आणि माणसाच्या उंचीपर्यंत सहज जातात. कर्दळही जगते, पण सावलीत फुले कमी देते, म्हणून तिला वाफ्याची सर्वांत उजेडाची कड द्यावी.

माती फूटभर खोल खणून त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. कंद कापताना प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन टपोरे डोळे राहतील असे पाहावे आणि कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यावी. ओली जखम मातीत लवकर कुजते. तुकडा आडवा, डोळे वर ठेवून साधारण 5 सेंटीमीटर खोल लावावा आणि दोन तुकड्यांत 60 सेंटीमीटर अंतर सोडावे.

सर्वाधिक काळजी आधाराची घ्यावी लागते, कारण अर्ध्या सावलीत दांडे उजेडाकडे कलतात आणि पावसाने भिजून जड झाले की एका रात्रीत आडवे होतात. फुटवे गुडघ्याएवढे होताच काठ्या रोवाव्यात. सुतळीचा घट्ट वेढा काठीला द्यावा, दांड्याभोवतीचा वेढा मात्र बोट शिरेल इतका सैल असावा. युरिया टाळावा, त्याने दांडे भराभर वाढतात, पण लेचेपेचे राहतात.

माती दोन बोटे खोलीपर्यंत कोरडी लागली की पाणी द्यावे. सोनटक्क्याचा दांडा एकदाच फुलतो, त्यामुळे बहर सरल्यावर तो जमिनीलगत कापावा म्हणजे नव्या फुटव्यांना जागा होते. पेव्याचे दांडे कोरड्या हंगामात पिवळे पडून वाळतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये. पाणी कमी करावे आणि त्या जागी खुणेची काठी ठेवावी, नाहीतर पुढच्या खणणीत कुदळ नेमकी कंदावर बसते.