गावच्या पाझर तलावाचा भराव कसा तपासावा

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. धरणाला गळती लागली आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. मातीचं धरण एका रात्रीत फुटलं असं आपण म्हणतो, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा कितीतरी आधी झालेली असते आणि ती साध्या डोळ्यांना दिसते. शिवारात पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवण्यासाठी अडवलेला), गाव तलाव किंवा माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला) असलेल्या कुणालाही ती बघता यावी, म्हणून हे लिहितो आहे.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर येतात. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर बांधलेले गावोगावचे तलाव बहुतेक याहून बुटके आहेत. त्यांच्यावर वर्षभर नजर ठेवणारं कुणी असेल, तर ते गावच.

पायरी 1 : वेळ आणि माणसं

दोनदा बघायचं. एकदा एप्रिल-मे महिन्यात, तलाव आटलेला असताना, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. दुसऱ्यांदा तलाव पूर्ण भरल्यावर, कारण गळती तेव्हाच कळते. सोबत टेप, कोयता, बादली, आरपार दिसेल अशी काचेची बाटली, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणि एक वही घ्या. तलाव बांधताना तिथे कामाला गेलेलं एखादं जुनं माणूस मिळालं तर जरूर न्या. मूळ नाला भरावाखालून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाखालून, नेमका कुठून जात होता, हे त्यांना आठवतं. भराव तिथेच सगळ्यात उंच असतो आणि पाणीही बहुधा तिथूनच वाट शोधतं.

पायरी 2 : आधी सांडवा

बरेच जण थेट भरावावर चढतात. मी आधी सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाजूनं निघून जायच्या वाटेवर, जायला सांगेन. मातीचा भराव पाणी अडवण्यासाठी असतो, पाणी अंगावरून वाहू देण्यासाठी नाही. भरावाच्या माथ्यावरून पाणी पडू लागलं की कोरड्या बाजूची माती धुपत जाते आणि थोड्याच वेळात खिंडार पडतं. हे टाळायची एकमेव व्यवस्था म्हणजे सांडवा.

आणि नेमका तोच आपण बुजवतो. वीतभर पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर दगड किंवा वाळूची पोती रचली जातात. मासे निसटू नयेत म्हणून आडवी जाळी बांधतात, तिच्यात पहिल्याच पुरात काटक्या-पालापाचोळा अडकून भिंत तयार होते. सांडव्यापुढच्या पुच्छचारीत (सांडव्याचं पाणी पुढे नाल्यात नेणाऱ्या चरीत) कुणीतरी पेरतं, बांध घालतं. यातलं काहीही दिसलं तर पावसाळ्याआधी निघालंच पाहिजे, मग ते कुणाचंही असो. या एका बाबतीत गावकीचा भिडस्तपणा नको. सांडव्याची रुंदी टेपनं मोजून वहीत लिहा आणि तलावाच्या मूळ कागदपत्रांतल्या रुंदीशी ताडून बघा.

पायरी 3 : माथ्याची पातळी

भराव वर्षानुवर्षं खचतो, बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या वाटेनं झिजतो. लेव्हलच्या नळीनं दर दहा मीटरवर माथा सांडव्यापेक्षा किती उंच आहे ते मोजत जा. आकडे एकसारखे यायला हवेत. मध्येच एखादी जागा हातभर खोल निघाली, तर मोठ्या पुरात पाणी तिथूनच उतरणार, बाकी भराव कितीही उंच असो.

पायरी 4 : भेगा

काळी माती उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे प्रत्येक भेगेनं घाबरू नका. मात्र दिशा बघा. माथ्याच्या लांबीत गेलेली, कमानीसारखी वळलेली आणि एक कड खाली बसलेली भेग म्हणजे उतार घसरायच्या बेतात आहे. पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी गेलेली भेग सगळ्यात वाईट, कारण भरलेल्या तलावाचं पाणी तिच्यातून थेट आरपार जाऊ शकतं.

भेग किती खोल आहे हे बघायला तिच्यात पातळ चुन्याचं पाणी ओता आणि नंतर बाजूनं खणा. पांढरा माग जिथे संपतो तिथपर्यंत भेग. वरवरची भेग भरताना नुसती माती ढकलू नका. भेग संपेपर्यंत चर खणा, ओलसर माती वीतभर थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुमसानं (माती ठोकायच्या जड ठोकण्यानं) ठोका. ओल बरोबर आहे का, हे मुठीत कळतं : दाबल्यावर गोळा टिकावा, पण हाताला चिखल लागू नये. चुना मीटरभराहून खोल गेला किंवा कड खचलेली दिसली, तर स्वतः काही करू नका, अभियंत्याला बोलवा.

पायरी 5 : झाडं आणि बिळं

भरावावर हरळी हवी, ती माती धरून ठेवते. बाभूळ, वेडी बाभूळ, करंज नको. मनगटाहून बारीक झाड मुळासकट काढून खड्डा ठोकून भरा. मोठं झाड मात्र परस्पर तोडू नये. तोडल्यावर मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला तयार नळ्या मिळतात. खेकडे, घुशी आणि साळिंदराची बिळंही तोंडाशी बुजवून भागत नाही. ती खणत जाऊन आतून भरावी लागतात.

पायरी 6 : विमोचक

ज्या तलावाला विमोचक (भरावाखालून पाणी सोडायचा नळ आणि त्याची झडप) आहे, तिथे नळ भरावातून बाहेर पडतो ती जागा नीट न्याहाळा. नळातून पाणी आलं तर गैर काही नाही, नळाच्या भोवतालच्या मातीतून आलं तर गैर आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा घात अर्धवट राहिलेल्या विमोचकापासून सुरू झाला होता, त्याच्यावरचा भराव खचत गेला. झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून मिटवा. गंजून अडकलेली झडप ऐन संकटात उघडत नाही. एरवी तलाव भराभर रिकामा करू नये. रोज साधारण फूटभर पातळी उतरली तर ठीक, त्याहून घाई केली तर आतली भिजलेली माती पाण्याचा आधार सुटून घसरते.

पायरी 7 : गळती मोजणं

हे काम तलाव भरल्यावरचं आणि सगळ्यात मोलाचं. प्रत्येक मातीच्या भरावातून थोडं पाणी पाझरतंच. पाझर तलावाचा तर उपयोगच तळातून पाणी मुरवून खालच्या विहिरींना देण्याचा आहे. मुरणं आणि गळणं यातला फरक ओळखायचा. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी चालत जा. इतर ठिकाणचं गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार दिसतो का? पाय रुततो का? पाणी बुडबुडत वर येतं का?

वाहतं पाणी सापडलं की ते छोट्या पाटानं एका जागी आणा आणि बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. तारीख आणि तलावाची पातळीही लिहा. पातळी तीच असताना बादली आधीपेक्षा लवकर भरू लागली, तर गळती वाढते आहे. मग तेच पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाशी माती बसली नाही तर धीर धरून मोजत राहा. माती बसली, तर भराव आतून पोखरला जातो आहे. त्या दिवशी फोन झालाच पाहिजे.

इथे एक चूक फार जण करतात. गळतीच्या तोंडावर बाहेरून काळी माती किंवा सिमेंट थापतात. पाणी थांबत नाही, आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून जोरात फुटतं. पाणी अडवायचं ते आतल्या, पाण्याकडच्या बाजूनं. बाहेरच्या बाजूनं फक्त माती अडवायची आणि पाणी जाऊ द्यायचं. त्यासाठी तोंडावर आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी, त्यावर दगड असा थर द्यावा. हा तात्पुरता उपाय आहे, अभियंता पोचेपर्यंतचा.

गाळ काढताना

गाळमुक्त धरण योजनेत गाळ काढला तर साठा वाढतो आणि रानाला चांगली माती मिळते. पण जेसीबी भरावाच्या पायाशी लावू देऊ नका. भराव जितका उंच, त्याच्या निदान पाचपट अंतर सोडा, तांत्रिक माणसानं जास्त सांगितलं तर जास्त. आतला पायथा खणला की उताराचा टेकाच जातो.

कुणाला कळवायचं

साधारणपणे 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे 600 हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. तुमचा कुणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीच्या कागदात आत्ताच शोधून ठेवा. तक्रार लेखी द्या, फोटो जोडा, बादलीचे आकडे लिहा आणि पोच घ्या. ‘गळती आहे’ या दोन शब्दांपेक्षा ‘आषाढात चाळीस सेकंदांना भरणारी बादली भाद्रपदात पंधरा सेकंदांना भरते’ हे वाक्य टेबलावरून बाजूला सारणं अवघड जातं.

गढूळ गळती वाढतच असेल, तलावात भरावाजवळ भोवरा दिसला, माथा खचू लागला किंवा पाणी माथ्याला टेकलं, तर कागद बाजूला ठेवा. आधी नाल्याकाठची वस्ती हलवा, रात्र असली तरी. देवळातली घंटा, मशिदीचा भोंगा, दवंडी, जे हाताशी असेल ते वापरा. त्याच वेळी 112 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लावा, पोलीस पाटील आणि तलाठ्यांना सांगा, नाल्याच्या खालच्या गावांनाही कळवा. भरावावर बघायला कुणाला जाऊ देऊ नका. कोणती घरं आधी हलवायची, म्हातारी आणि आजारी माणसं कुठे आहेत, त्यांना कोण उचलून नेणार, ही यादी मे महिन्यातच करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.