फळीच्या टोकाशी खिळा ठोकताना चीर पडू नये म्हणून

खिळ्याचं अणकुचीदार टोक पाचरीसारखं काम करतं. ते लाकडाचे तंतू तोडत नाही, बाजूला सारतं. फळीच्या मध्यावर हा ताण दोन्हीकडचं लाकूड सोसतं, पण टोकाशी धरून ठेवायला पुढे लाकूडच नसतं. मग तंतूंच्या रेषेच्या दिशेने सरळ चीर जाते.

सर्वात सोपा उपाय म्हणजे टोक बोथट करणे. खिळा उलटा धरून त्याचं डोकं लोखंडावर टेकवा आणि टोकावर हातोडीचे एक-दोन हलके घाव घाला. बोथट टोक तंतू चिरडत, तोडत आत जातं. पकड थोडी कमी होते, पण चिरलेल्या फळीत ती मुळीच उरत नाही.

पॅकिंगच्या पाइनला एवढं पुरतं. साग, बाभूळ किंवा जुनं वाळलेलं लाकूड असेल तर आधी ड्रिलने भोक पाडाच. भोक खिळ्याच्या जाडीच्या पाऊणपट ठेवा, म्हणजे 3 मिमीच्या खिळ्याला साधारण 2.25 मिमी. तेवढं बारीक बिट नसेल तर तेवढ्याच बारीक एका खिळ्याचं डोकं कापून तोच ड्रिलमध्ये बसवा, काम भागतं.

दोन खिळे एकाच रेषेवर नकोत, थोडे मागेपुढे मारा. जमल्यास फळी दोन-तीन इंच लांब ठेवून खिळे ठोका आणि जास्तीचा तुकडा नंतर करवतीने कापा. कापताना करवत खिळ्याला लागणार नाही, एवढं बघा.