घरात रोज पाणी किती लागतं? हिशेब करताना या चुका टाळा

मागच्या वर्षी पाणीपट्टीचं बिल आलं आणि महिन्याचा वापर 22 युनिट लिहिलेला दिसला. घरात आम्ही चौघं: सासूबाई, नवरा, लेक आणि मी. बाग नाही, गाडी पाइपने धूत नाही. दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर लागत असतील असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. 22 युनिट म्हणजे 22,000 लिटर, दिवसाला सव्वासातशेच्या वर. मीटर बिघडलाय असंच पहिल्यांदा मनात आलं. पण मीटर ठणठणीत होता. माझा अंदाज चुकला होता, आणि न वापरलेलं पाणीही घरातूनच जात होतं.

त्यानंतर दोन महिने बादली, टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन घर पालथं घातलं. ओळखीच्या पाच-सहा घरांतही तेच केलं. सगळीकडे त्याच त्या चुका सापडल्या.

फक्त भरलेलं पाणी मोजणं

"आम्हाला फार पाणी लागत नाही" असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर हंडा-कळशी असते. प्यायला आणि स्वयंपाकाला लागणारं पाणी हा हिशेबातला सगळ्यात लहान भाग आहे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याची फोड अशी असते: पिण्यासाठी 5, स्वयंपाकासाठी 5, आंघोळीला 55, कपड्यांना 20, भांड्यांना 10, घर पुसण्या-धुण्याला 10 आणि संडासच्या फ्लशला 30. म्हणजे ज्या पाण्याकडे आपलं लक्ष असतं, ते 135 पैकी जेमतेम 10 लिटर.

चौघांच्या घराला या मापाने दिवसाला 540 लिटर होतात, महिन्याला साधारण 16 युनिट. त्याच्या आसपास असाल तर काळजीचं कारण नाही. आमचे 22 होते, म्हणजे सहा युनिटचा घोळ होता.

हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या घरासाठी माणशी 55 लिटर धरलेले आहेत. आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती, म्हणजे त्या खेपेचे माणशी वाट्याला आले सव्वा-दीड लिटर. ‘लाख लिटर’ ऐकल्यावर आधी माणसांनी भागायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

युनिट आणि लिटरची गल्लत

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच 1,000 लिटर. मीटरवरचे काळे आकडे युनिटचे असतात, लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालच्या भागाचे. आमच्या शेजारच्या काकूंनी लाल आकडेही सलग वाचले आणि एका महिन्यात लाखो लिटर पाणी वापरलं म्हणून घाबरून गेल्या. बिलासाठी फक्त काळे आकडे बघा. मागचं रीडिंग चालू रीडिंगमधून वजा करा आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहा. मीटर बंद असेल तर बऱ्याच ठिकाणी सरासरीने बिल लावतात. तसा शेरा बिलावर आहे का, तेही बघा.

गळती शोधताना मीटरकडे बघत बसणं

ही चूक मी स्वतः केली. रात्री सगळे नळ बंद करा, सकाळी मीटर बघा, आकडा हलला तर गळती आहे, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण जिथे चोवीस तास थेट नळाला पाणी असतं, तिथेच तो चालतो. आपल्याकडे पाणी येतं दोन-चार तास, मीटरमधून जाऊन टाकीत पडतं, आणि मग टाकीतून दिवसभर वापरलं जातं. रात्री पुरवठाच बंद असतो. टाकीखाली कितीही गळत असलं तरी मीटर जागचा हलणार नाही. मी तीन रात्री मीटर पाहिला, आकडा तसाच. गळती नाही असं म्हणून मोकळी झाले.

गळतीची तपासणी दोन तुकड्यांत करायला हवी.

पहिला तुकडा मीटर ते टाकी. पाणी चालू असताना टाकीजवळचा इनलेट कॉक पूर्ण बंद करा. मीटरवर एक बारीक चांदणीसारखं चक्र असतं, ते थांबलं पाहिजे. फिरतच राहिलं तर जमिनीखालच्या लाइनमध्ये कुठेतरी पाणी जातंय.

दुसरा तुकडा टाकी ते नळ. रात्री सगळ्यांचं आवरलं की टाकीत काठी उभी धरून पाण्याची खूण करायची, वेळ लिहायची. सकाळी कुणी उठायच्या आधी परत मोजायचं. रात्री कुणी संडासला गेलं तर फ्लश न ओढता मोजलेल्या बादलीने पाणी टाकायचं आणि ते वजा करायचं. काठी पुसून स्वच्छ ठेवा, हे पाणी आपण वापरतो.

आता त्या सेंटिमीटरचे लिटर कसे करायचे? टाकीची आतली रुंदी मोजा. आमची हजार लिटरची गोल टाकी आतून 105 सेंटिमीटर भरली. अर्धे केले 52.5, त्याचा वर्ग, गुणिले 3.14, भागिले 1,000. उत्तर आलं 8.65. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साडेआठ लिटरच्या वर गेलं. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत आमची टाकी 5 सेंटिमीटर उतरली होती, सुमारे 43 लिटर. दिवसाचे झाले 172. आमच्या घरात पाचवा माणूस राहत होता, आणि तो आमच्यापेक्षा जास्त पाणी वापरत होता.

थेंबाच्या मागे लागणं, फ्लशकडे न बघणं

गळतंय म्हटल्यावर सगळे स्वयंपाकघरातल्या ठिबकणाऱ्या नळाकडे धावतात, कारण तो ऐकू येतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. सलाइनच्या हिशेबाने 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटर होतात. नळाचा थेंब मोठा असतो, म्हणून पाच-सहा धरा. वायसर बदलाच, दहा मिनिटांचं काम आहे. पण 172 लिटरचं उत्तर त्या नळात मिळणार नव्हतं.

ते मिळालं वरच्या मजल्यावरच्या फ्लशच्या टाकीत. आवाज नाही, ओल नाही, फरशीवर थेंब नाही. पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने पातळ पडद्यासारखं उतरत होतं. पांढऱ्या भांड्यावर पांढरं पाणी, दिसणार कसं? प्लंबरने फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, मला विचारलं, "ताई, जिलबीत घालतात तो रंग आहे का घरात?" चिमूटभर रंग टाकीत टाकला, फ्लश न ओढता वीस मिनिटं चहा प्यायलो. परत गेलो तर भांड्याच्या मागच्या भिंतीवर केशरी ओघळ उतरलेले, तळाचं पाणीही केशरी. तळाचं रबरी सील कडक होऊन एका बाजूने उचललं गेलं होतं. सील बदलल्यावर त्याच रात्री काठीची खूण हलली नाही.

रंग टाकून काही दिसलं नाही तरी झाकण लगेच लावू नका. आत एक उभी ओव्हरफ्लो नळी असते. पाणी तिच्या तोंडाशी टेकलेलं असेल, तर फ्लोट, म्हणजे पाणी भरलं की ते बंद करणारा तरंगता गोळा, वर बसलाय आणि जास्तीचं पाणी त्या नळीतून सतत जातंय. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली दीड-दोन सेंटिमीटर आणायची. याला सामान काहीच लागत नाही.

जुन्या फ्लशमध्ये एका वेळी 10 ते 12 लिटर जातात, दोन बटणांच्या नव्या प्रकारात साधारण 3 आणि 6. चौघांच्या घरात दिवसाला पंधरा-वीस वेळा फ्लश होतो, फरक तुम्हीच काढा. नवा बसवणं परवडत नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली उभी ठेवा, मात्र फ्लोटला लागणार नाही अशी. वीट ठेवू नका, ती झिजते आणि तिचा चुरा सीलमध्ये अडकतो.

बादली आणि शॉवर यांची तुलना न मोजता करणं

शॉवरखाली बादली ठेवा आणि एक मिनिट सोडा. आमच्याकडे 9 लिटर भरले. लेक बारा मिनिटं आंघोळ करते, म्हणजे 108 लिटर. सासूबाईंची आंघोळ एका बादलीत, 18 लिटरमध्ये होते. आकडा कळल्यावर लेकीने स्वतःच साबण लावताना शॉवर बंद करायला सुरुवात केली. मी तिला एक शब्द बोलले नव्हते.

सोलर असलेल्या घरांत आणखी एक जागा आहे. गच्चीवरून गरम पाणी खाली येईपर्यंत पाइपातलं गार पाणी आपण सोडून देतो. ते मी बादलीत धरलं, 12 लिटर निघालं. आम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी आंघोळ करायचो, दर वेळी पाइप गार झालेला. म्हणजे रोज 36 लिटर, महिन्याला एक युनिट थेट मोरीत. आता आंघोळी पाठोपाठ उरकतो आणि पहिल्या बादलीत कपडे भिजतात.

कालचं पाणी शिळं म्हणून ओतणं

ही आपल्या घरांतली खास चूक, आणि तिच्याबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं, कारण त्यामागे स्वच्छतेची जुनी शिस्त आहे. सकाळी नळ आला की सासूबाई पिंप, हंडा, कळशी सगळं रिकामं करून, घासून, ताजं पाणी भरायच्या. पिंप पन्नास लिटरचं. त्यात निम्मं उरलेलं असायचं.

झाकलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. पिण्याचं भांडं रोज घासायलाच हवं, त्यातलं उरलेलं पाणी भाज्या धुवायला किंवा फरशी पुसायला घ्यावं. वापराचं पिंप मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून, आतून घासून कोरडं करा. हे टाळू नका. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो.

ही सवय पुरवठ्याशी बांधलेली आहे, हेही खरं. कराडजवळच्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं गेलं. जिथे नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, तिथे साठवायची आणि म्हणून ओतायचीही गरज राहत नाही. उद्या नळ येईल की नाही याची धास्ती असलेल्या घराला नुसतं ‘पाणी ओतू नका’ सांगून भागत नाही.

उरलेल्या काही

आरओ यंत्राची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडलेलं दिसेल. ते फरशीला, संडासला वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर कुंड्यांना घालू नका, क्षार साठून झाडं करपतात.

वॉशिंग मशीनचा पाइपही एकदा बादल्यांत सोडून मोजा. आमचं वरून कपडे टाकायचं मशीन एका वेळी 110 लिटर घेतं, मग चार शर्ट असोत की चौदा. रोजचं लावणं बंद करून आठवड्यातून चारदा केलं.

नळ यायच्या वेळी मीटर भुर्रकन फिरतो आणि तोटीतून नुसता फुसफुस आवाज येतो, ती पाइपातली हवा. मीटर तीही मोजतो. म्हणून रात्रीच कॉक उघडून ठेवायची सवय मोडा. धार नीट लागल्यावर उघडा. रोजचाच त्रास असेल तर प्लंबरला एअर व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे पाइपातली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेबद्दल, विचारा.

आता आमच्याकडे दर रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग घेतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितो. चौघांचे आठवड्याला साधारण 3,400 लिटर होतात. मार्चमधल्या एका रविवारी 4,900 निघाले. गच्चीवर गेले तर टाकीचा बॉल कॉक अडकला होता आणि पाणी आल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून मागच्या बोळात पडत होतं. बोळातली जमीन आठ दिवस ओली होती, आणि आम्ही कुणीच तिकडे गेलो नव्हतो.