थ्रॉटल, चोक की स्ट्रँगल : नेमकं क्रियापद कसं निवडायचं

‘गळा दाबणे’ला इंग्रजी शब्द शोधला की चार-पाच क्रियापदं समोर येतात आणि लिहिणारा बहुतेकदा त्यातलं पहिलं उचलतो. घोळ तिथेच होतो. मराठीत मात्र हा फरक आपण रोज न चुकता करतो : घास अडकतो, ठसका लागतो, गळा हाताने दाबतात, दोरीने आवळतात, धुराने जीव गुदमरतो. म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठीतच दोन गोष्टी ठरवून घ्या. श्वास कशाने थांबला? आणि ते करणारं कोणी होतं का?

करणारा आहे आणि त्याने हातांनी गळा दाबलाय, तर क्रियापद ‘थ्रॉटल’. ‘ही थ्रॉटल्ड हर’ एवढं वाक्य पुरतं. मराठी माणूस इथे हमखास एक शब्द जास्त घालतो : ‘ही थ्रॉटल्ड हर नेक’. आपण ‘तिचा गळा दाबला’ म्हणतो, आपलं कर्म गळा असतं, म्हणून असं होतं. इंग्रजीत गळा क्रियापदाच्या पोटातच आहे, त्यामुळे कर्म म्हणून माणूसच येतो. शिवाय थ्रॉटल केलं म्हणजे माणूस दगावलाच असं नाही. दगावला असेल तर पुढे ‘टू डेथ’ जोडा. ‘स्ट्रँगल’चं तसं नाही. ‘शी वॉज स्ट्रँगल्ड’ एवढंच लिहिलं तरी वाचणारा बहुतेक वेळा खून झाला असंच समजतो.

शब्दाचा उगम माहीत असला की हे लक्षात राहायला सोपं जातं. ‘थ्रोट’ म्हणजे घसा. त्याला ‘ल’चा प्रत्यय लागून सुमारे १४०० च्या आसपास ‘थ्रॉटल’ हे क्रियापद तयार झालं असावं. ‘स्पार्क’चं ‘स्पार्कल’ आणि ‘क्रॅक’चं ‘क्रॅकल’ होतं, तोच हा प्रत्यय. ‘स्ट्रँगल’ फ्रेंचमधून आलं, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमागे फासाला असलेला ग्रीक शब्द आहे. थोडक्यात, एकाच्या मुळाशी घसा आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी फास. रोजच्या इंग्रजीत ‘स्ट्रँगल’ हातांनाही चालतं आणि दोरीलाही.

शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र ही मोकळीक नाही. भारतातल्या न्यायवैद्यक भाषेत ‘थ्रॉटलिंग’ म्हणजे हातांनीच गळा दाबणं. डॉक्टर गळ्यावर अंगठ्याबोटांचे वळ आणि नखांच्या अर्धचंद्राकृती खुणा शोधतात, जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड हाड मोडलंय का तेही पाहतात. दोरीने किंवा ओढणीने आवळलं असेल तर ‘लिगेचर स्ट्रँग्युलेशन’. फास शरीराच्याच वजनाने बसला असेल तर ‘हँगिंग’. नाक-तोंड दाबून मारलं तर ‘स्मदरिंग’. बातमी करताना ‘ॲस्फिक्सिया ड्यू टू थ्रॉटलिंग’चं भाषांतर ‘हातांनी गळा दाबल्याने श्वास कोंडून मृत्यू’ असंच करा. तिथे ‘गळफास’ लिहिलंत तर खुनाची बातमी वाचणाऱ्याला आत्महत्येची वाटेल. ही चूक साधी नाही, त्यामागे कुणाचं तरी घर असतं.

करणारं कोणीच नसेल, घास किंवा शेंगदाणा आत अडकला असेल, तर ‘चोक’. त्याच्यापुढे ‘ऑन’ येतं : ‘ही इज चोकिंग ऑन अ ग्रेप’. ‘बाय’ किंवा ‘विथ’ नाही. परदेशात राहणाऱ्यांनी हे वाक्य तोंडपाठ ठेवावं. आपत्कालीन नंबरवर ‘चोकिंग’ म्हटलं की समोरचा माणूस पाठीत थापट्या कशा मारायच्या ते लगेच सांगू लागतो. ‘समवन इज थ्रॉटलिंग हिम’ म्हटलंत तर तो हल्ला समजून पोलीस पाठवेल. नुसता ठसका लागला असेल, माणूस जोरात खोकत असेल, तर ‘इट वेंट डाउन द राँग वे’ म्हणा. खरोखर घास अडकलेल्या माणसाचा आवाजच फुटत नाही.

कंठ दाटून आला तर ‘चोक्ड अप’. खेळात ऐन मोक्याला कच खाल्ली तरी ‘चोक’च : १९९९ च्या विश्वचषकात एजबॅस्टनचा उपांत्य सामना बरोबरीत सुटून दक्षिण आफ्रिका बाहेर पडली, तेव्हापासून ‘चोकर्स’ हे बिरुद तिला चिकटून राहिलं. धूर, बंद खोली, गर्दी यांनी जीव गुदमरला तर ‘सफोकेट’. ‘मुस्कटदाबी’ला ‘गॅग’ किंवा ‘स्टायफल’ छान बसतं, आणि ‘लोकशाहीचा गळा घोटला’ला ‘थ्रॉटल’ किंवा ‘स्ट्रँगल’ दोन्ही चालतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. ‘थ्रॉटल’ म्हणजे दाबणं, मग ‘फुल थ्रॉटल’ म्हणजे भरधाव कसं? १९व्या शतकात वाफेच्या इंजिनात वाफेची वाट अरुंद किंवा मोकळी करणाऱ्या झडपेला ‘थ्रॉटल व्हॉल्व्ह’ म्हणू लागले. पुढे ‘व्हॉल्व्ह’ गळून पडला आणि ‘थ्रॉटल’ हेच झडपेचं नाव झालं. ‘फुल थ्रॉटल’ म्हणजे ती झडप सताड उघडी. बाइकची उजवी मूठ पिळता तेव्हा तुम्ही तीच उघडता. गॅरेजमध्ये ‘थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल’ म्हणतात ती याच झडपेची. शेजारचा ‘चोक’ हवेची वाट आवळतो, म्हणजे थंड इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरचा बीएस-६ हा नियम लागू झाला, बहुतेक नव्या बाइक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि चोकची कळ दिसेनाशी झाली.

त्यामुळे नाम आणि क्रियापद वेगळं वाचा. ‘थ्रॉटल अप’ म्हणजे वेग वाढवणं, ‘थ्रॉटल बॅक’ किंवा ‘डाउन’ म्हणजे कमी करणं. नुसतं ‘थ्रॉटल’ क्रियापद असेल तर नेहमी कमी करणंच : ‘द कंपनी थ्रॉटल्ड माय डेटा’, म्हणजे मुद्दाम स्पीड उतरवला. एरवी या क्रियापदाला कर्म लागतं, पण संगणकाच्या भाषेत ते कर्माशिवायही येतं : तापलेला फोन स्वतःहून मंदावतो, ‘द फोन इज थ्रॉटलिंग’.

‘आय कुड थ्रॉटल हिम’ हे घरगुती रागाचं वाक्य आहे, ‘असा गळा दाबावासा वाटतो’ या चालीचं. बोलताना ठीक, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा तक्रारअर्जात ते धमकी ठरू शकतं, तिथे टाळाच.

स्पेलिंगमध्ये टी दोनदा येतो आणि शेवटी एल-ई. ‘आयएनजी’ लावताना ई जातो, ‘ईडी’ लावताना नुसता डी वाढतो. सुरुवातीचा ‘थ’ मराठी ‘थ’सारखा हवेचा झोत सोडून म्हणू नका, जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवा. अमेरिकन माणूस मधला ट इतका मऊ करतो की आपल्या कानाला ‘थ्राडल’ ऐकू येतं, शब्द तोच.