मणक्याची गादी सरकली तर काय करावे?

आपल्या बेळगाव भागात कंबर धरली की 'मणक्यात गॅप पडला' असे सहज म्हटले जाते. खरे तर गादी झिजल्यावर दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, ते कमी होते. उगाच घाबरवणारा हा शब्द आधी मनातून काढून टाकावा. गादीचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटून गर बाहेर आला आणि शीर (म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दबली, की कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत उतरते. कमरेच्या 5 मणक्यांपैकी बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दोन गाद्याच बिघडतात.

सर्वप्रथम धोक्याच्या खुणा पाहाव्यात. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघा व बैठकीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाला फोन करून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, कारण उशीर झाल्यास हे नुकसान कायमचे राहू शकते. कमरेसोबत ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

या खुणा नसतील तर एक-दोन दिवस, तेही गरजेपुरतेच, पडून राहावे. उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी; मग घरातल्या घरात थोडे थोडे चालू लागावे. आठवडाभर अंथरूण धरल्याने कमरेचे स्नायू दुबळे होतात. कोणाकडून कंबर तुडवून किंवा मणका 'बसवून' घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत बरेच उतरते, कारण बाहेर आलेला गर हळूहळू आकसतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी एमआरआयचा आग्रह धरू नये. काहीही दुखत नसलेल्या कित्येक माणसांच्या तपासणीतही फुगलेली गादी दिसते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

त्यानंतर आपले रोजचे काम तपासावे, आणि इथेच सर्वाधिक वेळ द्यावा. निपाणीकडे विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास पुढे वाकून बसते. तिने भिंतीला पाठ टेकावी, सुपाखाली उशी ठेवून ते उंच करावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. उसाची मोळी उचलताना कमरेतून वाकू नये. पाय फाकवून गुडघ्यांत बसावे, मोळी छातीशी घ्यावी, मांड्यांच्या जोरावर उठावे आणि वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पावले वळवावीत. मोळी जड असेल तर दोघांनी मिळून उचलावी. खानापूरकडे रोप लावताना बायका दिवसभर ओणव्या असतात. त्यांनी प्रत्येक पातीनंतर सरळ उभे राहून कंबर मागे ताणावी. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांच्या गादीला हादरेही सोसावे लागतात, त्यामुळे त्यांनी सीट नीट करून घ्यावी आणि वाटेत थांबून उतरावे.

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही. वजन आणि विडी-सिगारेट मात्र आहे. मोठेपणी गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपत येते आणि धुराने तेही आटते.

कळ ओसरू लागली की फिजिओथेरपिस्टकडून पोट व पाठीचे व्यायाम शिकून रोज करावेत. आठवडे उलटूनही पायातली कळ सोसवत नसेल तर मणक्यात इंजेक्शन देतात. त्याने काही काळ आराम पडतो. शस्त्रक्रियेत शीर दाबणारा तेवढाच तुकडा काढतात, आणि तिचा फायदा नुसत्या कंबरदुखीपेक्षा पायात उतरणाऱ्या कळेला अधिक होतो. पाऊल लटके पडू लागले असेल, चालताना चप्पल गळून पडत असेल, तर मात्र हे आठवडे मोजत बसू नये. शल्यविशारदांना लगेच दाखवावे.