सोनोग्राफीच्या सरावाचं जिलेटिन मॉडेल: या चुका टाळा

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घालण्याच्या सरावाला, शरीराच्या जागी वापरायचं जिलेटिनचं मॉडेल स्वस्त आणि चांगलं. पण घाईत ओतलेलं मॉडेल शिकणाऱ्याच्या हाताला चुकीची सवय लावतं, आणि ती मोडायला फार वेळ जातो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बुडबुडे. हवेवरून अल्ट्रासाऊंड जवळजवळ सगळाच परत फिरतो, त्यामुळे बारीकसा बुडबुडाही पडद्यावर लख्ख पांढरा दिसतो. एका कार्यशाळेत कुणीतरी मिक्सरमध्ये घुसळून केलेलं मॉडेल आणलं होतं. एक विद्यार्थिनी त्यातल्या ठिपक्यालाच सुईचं टोक समजत राहिली. खरं टोक तोवर मॉडेलमधल्या नकली शिरेची मागची भिंत भेदून खाली गेलं होतं. सुई किंचित हलवून पाहा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं: सुईबरोबर हलतं ते टोक, जागचा हलत नाही तो बुडबुडा.

मी १०० मिली थंड पाण्यात १० ग्रॅम जिलेटिन आधी नीट भिजू देते. मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवते. उकळी आणायची नाही, जिलेटिनची घट्ट धरण्याची ताकद कमी होते. चमच्याने सावकाश ढवळायचं, वरचा फेस काढायचा, साच्याच्या कडेने ओतायचं. मिक्सरला हात लावायचा नाही.

दुसरी चूक, नुसतं जिलेटिन ओतणं. ते पडद्यावर पाण्यासारखं काळं दिसतं. मग शरीरातल्या गाठीची नक्कल म्हणून आत ठेवलेला पाण्याचा फुगा त्यात उठून दिसणार कसा? साखर नसलेली इसबगोलाची पूड घाला, पण मिश्रण कोमट आणि दाटसर झाल्यावर. आधी घातलीत तर तळाशी बसते. गडद रंगही घालाच. आतलं डोळ्यांनी दिसलं की पडद्याकडे कोणी बघत नाही.

फुग्याला गाठ पाण्याखाली मारा, आत हवा राहत नाही.

मॉडेल थरांत ओतत असाल तर दुसरा थर गरम ओतू नका, पहिला वितळतो.

लवकर घट्ट व्हावं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बर्फाचे स्फटिक जिलेटिनची वीण फाडतात. रात्रभर साध्या फ्रिजमध्ये ठेवा, एवढा धीर हवाच.

टिकतं म्हणून सिलिकॉन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: यंत्र आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतं, सिलिकॉनमध्ये तो साधारण १००० असतो. प्रतिध्वनी उशिरा परत येतो, म्हणून खोली खरी असते त्याहून जास्त दिसते.

सुईच्या जुन्या वाटांत हवा राहते आणि पांढऱ्या रेघा उमटतात. तेव्हा फुगा काढून मॉडेल वितळवा आणि पुन्हा ओता. बुरशी दिसली तर मात्र सरळ फेकून द्या.